पन्नासची लेन्स आणि दहा बाय दहाची खोली

शेतात, चुलीपाशी, शिलाई मशीनवर, जिथं असाल तिथं, थोडा वेळ कान इकडं द्या.

मागच्या बाजाराच्या दिवशी कनेरगाव नाक्यावर एका मावशींनी मला गाठलं. हातात भाजीची पिशवी, बाजूला सतरा-अठरा वर्षांची लेक. म्हणाल्या, "ताई, तुमी लग्नाचे फोटो काढता ना? आमच्या पोरीलाबी तेच करायचंय. कॅमेरा तिच्या मामानं दिलाय, जुना हाय पण चालतो. आता लेन्स पाहिजे म्हणते. दुकानदारानं लाखाच्या वरची सांगितली. साठ हजार बचत गटातून उचलते, बाकीचं सोयाबीन आल्यावर देते. घ्यावी का?"

मी विचारलं, "मावशी, तुमच्या घरातली मोठी खोली केवढी हाय?"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. लेन्सचा न् खोलीचा काय संबंध? पोरगीही हसली. आजचं माझं बोलणं त्या प्रश्नाबद्दलच आहे. बाजारात उभ्याउभ्या ते सांगता येईना, म्हणून रेडिओवर सांगते.

मी नाक्याचीच. हिंगोली-वाशिम रस्त्याच्या जवळपास मध्यावर आपलं गाव. इकडं मराठवाडा, पैनगंगेच्या पलीकडं वऱ्हाड, त्यामुळे लग्नं दोन्हीकडची मिळतात. या कामात मला अकरा वर्षं झाली. सुरुवात दिरांच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो कापण्यापासून. मग एका लग्नात नवरीच्या आईनं सांगितलं, आत बाईमाणूस पाठवा. दिरांनी माझ्या गळ्यात कॅमेरा अडकवला न् आत ढकललं. तेव्हा मला लेन्सवरचा आकडासुद्धा वाचता येत नव्हता.

आकड्यापासूनच सुरू करू. लेन्सवर १८, ३५, ५०, ८५, २०० असं काहीतरी लिहिलेलं असतं, पुढं एमएम. आकडा लहान असला की फोटोत पुष्कळ जागा मावते: अख्खी खोली, नवरी, तिच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा. आकडा मोठा झाला की जागा थोडी मावते, पण माणूस जवळ ओढल्यासारखा दिसतो. ज्या लेन्समध्ये आकडा फिरवता येतो ती झूम. कॅमेऱ्याबरोबर येते ती बहुतेक १८-५५ ची झूम असते, तिला किट लेन्स म्हणतात. जिचा आकडा फिरत नाही ती फिक्स लेन्स, कोणी प्राइम म्हणतं. माझी आवडती लेन्स म्हणजे ५० ची फिक्स. पण ती का आवडते हे कळल्याशिवाय कोणी माझं ऐकून घेऊ नये.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली. सोयरीक बघणं चालू होतं, बायोडाट्याला फोटो पाहिजे होता. बसली, जरा वेळ गप्प राहिली, मग खाली बघत म्हणाली, "ताई, कॉम्प्युटरवर नाक बारीक करता येतं का?" मी म्हणलं, काय झालं नाकाला? तिनं मोबाइल काढून दाखवला. भावानं हातभर अंतरावरून काढलेला फोटो. एका पाहुण्यानं तो पाहून नाकावरून काहीतरी शब्द टाकला होता, तेव्हापासून हिच्या मनात बसलं होतं.

मी तिला दाराजवळ स्टुलावर बसवलं, पाच फुटांवर उभी राहिले, ५० ची लेन्स लावली. कॉम्प्युटरवर काही केलं नाही. फोटो बघून ती म्हणाली, "हे नाक माझंच हाय का?"

यात जादू काही नाही, तिसरी-चौथीचं गणित आहे. आपल्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण ४ इंच अंतर असतं. मोबाइल नाकापासून १२ इंचांवर धरला तर कान त्याच्यापासून १६ इंचांवर. म्हणजे कान एक तृतीयांशानं जास्त लांब, आणि लांबची वस्तू लहान दिसते. त्यामुळे नाक फुगतं, कान मागं पळतात, गाल उतरतात. आता तोच कॅमेरा पाच फुटांवर, म्हणजे ६० इंचांवर न्या. नाक ६० वर, कान ६४ वर. फरक उरलाच कुठं? २०१८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जन लोकांनी हे मोजून दाखवलं होतं. एक फुटावरच्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. सेल्फी दाखवून नाकाचं ऑपरेशन मागणारी माणसं त्यांच्याकडं येत होती, म्हणून त्यांनी ते मोजलं.

तेव्हा चेहरा बिघडतो तो अंतरानं. लेन्सचा त्यात हात एवढाच की ती तुम्हाला कुठं उभं राहायचं ते सांगते. लहान आकड्याची लेन्स म्हणते जवळ ये, नाहीतर माणूस मुंगीएवढा दिसेल. मोठ्या आकड्याची म्हणते मागं हो. चेहऱ्यासाठी वेगळी लेन्स लागते हे जुन्या लोकांनाही कळलं होतं. फोटोची कला निघाल्यावर वर्षभरातच, १८४० मध्ये, पेट्झवाल नावाच्या गणिताच्या प्राध्यापकानं व्हिएन्नात खास चेहऱ्यासाठी लेन्स तयार केली. तोवर माणसाला कितीतरी मिनिटं न हलता बसावं लागायचं. या लेन्समधून उजेड इतका जास्त आत यायचा की काम मिनिटाच्या आत व्हायला लागलं.

आता मावशींची खोली.

एक सुतळी घ्या न् माझ्याबरोबर मोजा. मी जे आकडे सांगते ते लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याचे, ज्याला क्रॉप सेन्सर म्हणतात. आपल्यासारख्यांच्या हाती पहिल्यांदा बहुतेक तोच येतो, मावशींच्या पोरीकडंही तोच आहे. कॅमेरा उभा धरून नवरी डोक्यापासून पायापर्यंत घ्यायची, वरखाली थोडी जागा सोडायची. १८ ची लेन्स असेल तर तुम्हाला साधारण ५ फुटांवर उभं राहावं लागेल. ३५ ची असेल तर ९ फुटांवर. ५० ला १३ फूट. ८५ ला २२ फूट. आणि दुकानदारानं सांगितलेली ती लाखाच्या वरची ७०-२०० ची झूम, तिचा सगळ्यात लहान आकडा ७० लावला तरी साडेअठरा फूट.

आपल्याकडं नवरी जिथं तयार होते ती खोली केवढी असते? दहा बाय दहा. त्यात एक कपाट, एक पलंग, पलंगावर बस्त्याच्या पिशव्या, तीन करवल्या, एक मेंदी लावलेली मामी जिला कशालाच हात लावता येत नाही, आणि दारात दोन लेकरं. तुम्ही भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलात तर नवरीपर्यंत आठ-साडेआठ फूट. तिथं त्या लाखाच्या लेन्समध्ये नवरी कमरेपर्यंत कशीबशी मावेल. पायातली जोडवी घालतानाचा, आई पदर नीट करतानाचा फोटो सोडूनच द्या. शिवाय ती दीड किलोची. दिवसभर गळ्यात घालून बघा, रात्री मान वळत नाही.

५० घेऊन त्याच खोलीत साडेसहा फुटांवर उभी राहिले तर नवरी कमरेच्या वरची पूर्ण येते. साडेचार फुटांवर गेले तर चेहरा आणि खांदे. हे अंतर चेहऱ्याला चांगलं आणि माणसालाही चांगलं. साडेचार फुटांवरून मला तिच्याशी हळू बोलता येतं, "जरा हनुवटी खाली घे गं" म्हणता येतं, आणि तिला कॅमेरा तोंडात घुसल्यासारखा वाटत नाही. मोबाइलवर शिकवणारे लोक म्हणतात चेहऱ्याला ८५ ची लेन्स चांगली. बरोबर आहे, पण ते मोठ्या सेन्सरच्या, फुल फ्रेम कॅमेऱ्याबद्दल बोलत असतात. आपल्या क्रॉप कॅमेऱ्यावर ५० हीच तिथल्या ७५-८० सारखी वागते. हे न कळल्यानं कितीतरी पोरांनी ८५ घेतली, आणि मग नवरीचा फोटो काढायला बिचारी खोलीबाहेर अंगणात उभी.

दुसरं कारण उजेडाचं. लेन्सच्या आत एक भोक असतं, डोळ्यातल्या बाहुलीसारखं लहानमोठं होणारं. त्याला अपर्चर म्हणतात. त्याचा आकडा उलटा चालतो: लहान आकडा म्हणजे मोठं भोक. किट लेन्स ५५ वर नेली की तिचं भोक ५.६ च्या पुढं उघडत नाही. माझी ५० ची १.८ पर्यंत उघडते. उजेडात फरक किती? जवळजवळ दहा पट. आतल्या खोलीत एक ट्यूब, त्यातही पहाटेची हळद आणि लाइटचा भरवसा नाही, तिथं हे दहा पट म्हणजे फ्लॅश न मारता फोटो. फ्लॅश मारला की नवरी डोळे मिटते, झोपलेलं लेकरू रडतं, आणि हळद लागलेला ओला चेहरा तेल चोपडल्यासारखा चमकतो.

तिसरं कारण पैशाचं. ५० ची साधी १.८ लेन्स नवी घेतली तर दहा-पंधरा हजारांच्या आतबाहेर येते. कॅननची जी आहे तिचं वजन १६० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मोठ्या कांद्याएवढं.

म्हणून ती आवडते. पण तिनं मला एकदा चांगलीच अद्दल घडवली, तेही सांगते.

नवी घेतली तेव्हा मला ती मागचं सगळं पुसट करते, चेहरा तेवढा उठून दिसतो, याचं फार अप्रूप होतं. सारखी १.८ वरच ठेवायचे. वाशिमकडच्या एका घरी हळद होती. सतरंजीवर पुढं बायका बसल्या होत्या, त्यांच्या मागं तीनेक फुटांवर बाजेवर नवरदेवाची आजी. मी तेरा फुटांवरून फोटो काढला. कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर छान दिसला. घरी कॉम्प्युटरवर उघडला तर पुढच्या बायका लख्ख, आणि आजींचा चेहरा वाफेतून पाहावा तसा.

मी मनात म्हणलं, जाऊ दे, आजींचे दुसरे फोटो असतील. नव्हते. दुसऱ्या दिवशी लग्न मंगल कार्यालयात होतं, पाय दुखत होते म्हणून आजी आल्याच नाहीत. दोन महिन्यांनी त्या घरची मोठी सून आली. आजी गेल्या होत्या. भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता. आधार कार्डावरचा होता, पण त्यात आजी कोणालाच आजी वाटत नव्हत्या. मी तो हळदीचा फोटो दाखवला. सून बराच वेळ बघत बसली. मला एक शब्द बोलली नाही. शेवटी मीच सुचवलं, पोस्टकार्डाएवढाच ठेवू, लहान ठेवला की पुसटपणा कमी दिसतो. तेवढाच त्यांनी फ्रेम केला. मी पैसे घेतले नाहीत, पण त्यानं काही भरून निघत नाही.

झालं काय होतं? भोक मोठं उघडलं की स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. १.८ वर तेरा फुटांवरून तो पट्टा जेमतेम दीड फुटाचा असतो. त्यातला थोडा पुढं, थोडा मागं. आजी तीन फूट मागं, म्हणजे पट्ट्याच्या बाहेर. तेच मी ८ वर ठेवलं असतं तर पट्टा सहा फुटांचा झाला असता. उजेड कमी पडला असता, मग आयएसओ वाढवायचा, फोटोत थोडे दाणे आले असते. येऊ द्यायचे. दाणेदार आजी चालली असती. चेहऱ्याच्या अगदी जवळ, साडेचार फुटांवर, १.८ वर हा पट्टा दोन इंचांचा उरतो. नवरीनं मान जराशी वळवली तर एक डोळा स्पष्ट, दुसरा पुसट. म्हणून चेहऱ्यालाही मी आता २.८ च्या खाली सहसा जात नाही. दोन रांगा दिसल्या की ५.६ किंवा ८. आणि फोटो काढल्यावर पडदा मोठा करून सगळ्यात म्हातारं माणूस आधी बघते, नवरानवरी नंतर.

आणखी एक सवय लागली. लग्नघरी गेले की पंगती बसायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या बायांना एकेक करून दारात बसवते. कोणी सांगितलेलं नसतं, अल्बममध्ये ते फोटो येतातच असंही नाही. उंबरठ्याच्या दोन हात आत, तोंड बाहेरच्या उजेडाकडं. बाहेर कितीही कडक ऊन असो, दाराच्या आत तो उजेड मऊ होऊन येतो, सुरकुत्या दिसतात पण बोचत नाहीत. एप्रिल-मेमधल्या लग्नात दुपारी बारा वाजता अंगणात कोणाचा फोटो काढू नका. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, माणूस आजारी दिसतो. आणि मांडवाखालीही सांभाळा. मांडवाचं कापड लाल असेल तर सगळे चेहरे तांबडे, हिरवं असेल तर कावीळ झाल्यासारखे. कॅमेऱ्यात रंग कितीही सुधारा, कापडातून गाळून आलेला उजेड पुरता सुधरत नाही. नवरीला मांडवाच्या कडेला, जिथून मोकळं आभाळ दिसतं तिथं चार पावलं आणलं की काम होतं.

लग्नातल्या मुंडावळ्या ही कॅमेऱ्याची मोठी शत्रू. कॅमेरा आपल्याआपण फोकस करतो तेव्हा त्याला जे पुढं दिसतं ते तो धरतो. पुढं मुंडावळीचे मोती लोंबत असतात. मोती एकदम स्पष्ट, डोळे पुसट. मुंडावळ्या बाजूला करा म्हणायचं नाही, तो त्या वेळेचा मान आहे. कॅमेऱ्यात फोकसचा एकच ठिपका निवडायचा न् तो डोळ्यावर ठेवायचा. अंतरपाट खाली येताना पहिल्या क्षणाला दोघं एकमेकांकडं बघतात, तो क्षण दोन सेकंदांचा. तेव्हाच अक्षता चहूबाजूनं येतात, कॅमेऱ्याला वाटतं उडणारा तांदूळच फोकस करायचा आहे. मी मंगलाष्टका चालू असतानाच फोकस धरून ठेवते, आणि त्या वेळी लेन्स कधीच बदलत नाही. बंजारा लग्नात कपड्यांवरचे आरसे फ्लॅश परत फेकतात, तिथं फ्लॅश बंदच बरा. बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्या साडीत असते. कॅमेरा पांढरं बघून घाबरतो, उजेड कमी करतो, आणि चेहरा काळवंडतो. तिथं उजेड हातानं थोडा वाढवावा लागतो.

चेहऱ्याच्या रंगाचं निघालंच आहे तर बोलून घेते. अल्बम करताना "नवरी जरा उजळ करा" हे मला दर लग्नात ऐकावं लागतं. कधी नवरीची आई म्हणते, कधी सासू, कधी नवरी स्वतः. पूर्वी मी करायचे. मग एकदा एका पोरीनं अल्बम बघून आईला विचारलं, "ही कोण?" आईला वाटलं थट्टा करते. मला तसं वाटलं नाही. आता मी म्हणते, उजेड चांगला देईन, रंग बदलणार नाही. सावळ्या चेहऱ्यावर दाराचा उजेड पडला की गालावर जी चमक येते ती गोऱ्या चेहऱ्यावर तेवढी येतच नाही. एखादं काम यामुळे हातचं गेलंय, खोटं कशाला सांगू.

हा रोग फक्त आपला नाही. रंगीत फिल्मचा जमाना होता तेव्हा कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना नमुन्याचा एक फोटो पाठवायची. त्यात एक गोरी बाई असायची. तिचा रंग बरोबर आला की मशीन बरोबर लागलं असं समजायचे. त्याला शर्ली कार्ड म्हणत, पहिल्या कार्डावरच्या बाईच्या नावावरून. जगभरातले सावळे, काळे चेहरे त्या एका गोऱ्या बाईच्या मापानं छापले गेले. कार्डावर वेगवेगळ्या रंगाच्या बायका यायला १९९० चं दशक उजाडलं. आपल्या आयांच्या लग्नातल्या फोटोत चेहरे काळेठिक्कर का दिसतात त्याचं एक कारण हेही असू शकतं.

आणि आत बाईमाणूस पाठवा, हे जे त्या नवरीच्या आईनं सांगितलं होतं, तेही आजचं नाही. आपली हिंगोली निजामाच्या राज्यात होती. त्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर राजा दीनदयाळ. त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादला बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला, पडद्यातल्या बायकांसाठी. कॅमेऱ्यामागं बाईच होती, श्रीमती केनी-लेव्हिक नावाची. घरातला पुरुष सोडून कोणी ज्यांचं तोंड पाहिलं नव्हतं, त्या बायका तिथं निर्धास्त बसून फोटो काढून घेत. सव्वाशेच्या वर वर्षं झाली, पण कालपरवाच मी एका निकाहात बायकांच्या बाजूला काम करत होते, कारण तिथं पुरुष फोटोग्राफरला जाता येत नव्हतं. बाहेर चार कॅमेरे न् ड्रोन, आत मी एकटी. पुढं होमाई व्यारावाला झाल्या, आपल्या देशातल्या पहिल्या बाई वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापून यायचे. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा वय ९७ होतं.

आतल्या खोलीत जायला मिळतं, त्याची जबाबदारीही असते. साडी नेसतानाचे, रडतानाचे, अंगभर हळद लागलेले फोटो माझ्याकडं असतात. ते मी नवरीला आधी दाखवते. ती नको म्हणाली तो फोटो तिच्यासमोर पुसते, मग तो कितीही चांगला आलेला असू दे. कोणाच्या मोबाइलवर "जरा पाठव ना" म्हणून पाठवत नाही. पोरीला हा धंदा करायचा असेल तर हे लेन्सच्या आधी शिकवावं लागेल, मावशी.

आता तुमचा प्रश्न. ती लाखाची लेन्स वाईट नाही. मोठ्या मंगल कार्यालयात स्टेज पन्नास-साठ फुटांवर असतं, तिथं ती फार कामाची. पण अशी लग्नं तुमच्या पोरीला पहिल्या वर्षी किती मिळतील? मिळाली तर मोठ्या शहरांत अशा लेन्सा दिवसाच्या भाड्यानं मिळतात. बचत गटाचा हप्ता दर महिन्याला येतो, लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात न् पावसाळ्यात जवळपास बंद होतात. ते चार महिने हप्ता कशातून फेडणार, हा हिशोब लेन्स घ्यायच्या आधी वहीत मांडा.

तोवर पोरीला एक काम सांगते, त्याला पैसा लागत नाही. तिच्या किट लेन्सचा आकडा ३५ वर आणून चिकटपट्टी लावायची. एक दिवस तेवढ्यावरच घरातल्या सगळ्यांचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी ५० वर चिकटवायची. पाय पुढंमागं करायचे, लेन्स फिरवायची नाही. आणि आतापर्यंत तिनं काढलेले सगळे फोटो उघडून बघायचे. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो कितीच्या आकड्यावर काढला ते कॅमेरा लिहून ठेवतो. शंभर फोटोंचे आकडे वहीत उतरवले की तिचा हात कुठं जातो ते दिसेल.

जुनी लेन्स घ्यायची झाली तर उजेडाकडं धरून, मागून मोबाइलची बॅटरी लावून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. पावसाळ्यात आपल्याच लेन्सला ती धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीत येतात तशा ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवायची. आणि कॅमेरा निकॉनचा डी ३५०० किंवा डी ५६०० सारखा असेल तर जुनी एएफ-डी लेन्स घेऊ नका. ती बसते, पण आपल्याआपण फोकस करत नाही, कारण त्या कॅमेऱ्यांत फोकस फिरवायची मोटर नाही. दुकानदार हे सांगेलच असं नाही.

काल मावशींचा फोन आला होता. खोली मोजली म्हणे: नऊ बाय अकरा. पोरीनं शंभर नाही, दोनशे फोटोंचे आकडे वहीत उतरवलेत. पन्नासवर फार थोडे, बरेचसे पस्तीसच्या आसपास. तिला माणसाबरोबर घर दाखवायला आवडतं असं दिसतंय, चूल, देव्हारा, मागची माणसं. म्हणजे माझी आवडती लेन्स तिची आवडती निघेलच असं नाही. रविवारी दोघी वही घेऊन येणार आहेत. माझ्याकडं एक जुनी ३५ आहे, ती आठ दिवस तिला वापरायला देते. तिच्या आत्याच्या घरी जावळाचा कार्यक्रम आहे, तिथं काय काढून आणते ते बघू.